बुडण्यापूर्वीची तरतूद

आम्ही घाऊक धान्याचे व्यापारी. येणे एका दिवसात बुडत नाही, हे आम्हांस पेढीनेच शिकविले. ते आधी लांबते, मग थकते, शेवटी बुडते. बँकांच्या हिशेबात मात्र नुकसान झाल्याचा पुरावा मिळेपर्यंत तरतूद न करण्याची रीत होती. २००८ च्या आर्थिक संकटात तिचा दोष उघड झाला. म्हणून आंतरराष्ट्रीय लेखामानक मंडळाने २०१४ साली नवे मानक प्रसिद्ध केले. ते १ जानेवारी २०१८ पासून अंमलात आले.

त्याचे गणित समजून घेऊ. समजा, बँकेने १,००,००० रुपये कर्ज दिले. येत्या १२ महिन्यांत ते थकण्याचा संभव शेकडा २, आणि थकल्यास तारण विकूनही हानी शेकडा ४०. तिघांचा गुणाकार ८०० रुपये. एवढी तरतूद आरंभीच करावयाची. पुढे ऋणकोची पत बरीच खालावली, तर उरलेल्या सर्व मुदतीतील संभव धरावा लागतो. हप्ता ३० दिवस थकला की सामान्यतः तसे मानतात. हा संभव शेकडा १० निघाल्यास, मुद्दल तेवढेच असता, तरतूद ४,००० रुपये होते. भावी रकमेचे आजचे मोल काढण्याची वजावट येथे सोडली आहे.

व्यापारी उधारीसाठी मानकात सोपी रीत आहे. येणी थकल्या दिवसांप्रमाणे रकान्यांत मांडावीत; मागील अनुभव व येत्या हंगामाचा अंदाज पाहून प्रत्येक रकान्यास शेकडेवारी लावावी. वर्षाखेरीस नफा वाटण्यापूर्वी आपण एवढे अवश्य करावे. न येणाऱ्या येण्याला नफा मानून वाटणे म्हणजे भांडवलच खाणे होय.