आजीचे पदक : चांदी की पितळ?

प्रश्न : आजीच्या पेटीत २१ ग्रॅम वजनाचे पदक सापडले. घोड्यावर देव, मागे देवी, पायाशी कुत्रा. रंग काळपट, कडीजवळ हिरवट. धातू कोणता, आणि कुठले असेल?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : मूर्ती खंडोबा-म्हाळसेची. काळपटपणा चांदीला शोभणारा. हिरवट डाग तांब्याचा, बहुधा कडीच्या डाकातला. पण रंगावर जाऊ नका, मुलामा फसवतो.

घरीच वजन करून पाहा. सोनारी काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्यावर आणा. पदक दोऱ्याला बांधून, तळाला न टेकवता, पूर्ण बुडवा. आकडा सुमारे २ ग्रॅम आला तर चांदी. अडीचच्या आसपास गेला तर पितळ किंवा जर्मन सिल्व्हर. मात्र पदक पोकळ किंवा आत लाख भरलेले असेल, तर हा हिशेब बाद, आणि ते पाण्यात घालूही नये. मग इतवारीच्या सराफ्यात कस लावून घ्या. हॉलमार्किंग केंद्रातले क्ष-किरण यंत्र फक्त वरचा थर वाचते, तेव्हा झिजलेल्या कडेवरच तपासणी मागा.

मूळ गावाचे मात्र मूर्तीवरून सांगता येत नाही. जेजुरीचा देव म्हणून पदक जेजुरीचे, असे नव्हे. भोसल्यांबरोबर पश्चिमेकडून आलेल्या कित्येक घराण्यांनी कुलदैवत सोबत आणले. पदक तिथले असेल किंवा इथल्याच सोनाराने घडवले असेल. तुमचे कुलदैवत कोणते, आजीचे माहेर कुठले, हे विचारा. मागच्या बाजूला सोनाराची खूण आहे का, तेही भिंगातून पाहा. आणि चिंचेने घासू नका. नक्षी आधीच झिजलेली असणार.