शेजारच्या दीर्घिकेतील क्ष-किरण जोडतारे

रात्री अंबरपेठेतील एखाद्या गल्लीत उभे राहून दिव्यांकडे पाहा. जवळचा मिणमिणता दिवा मोठा भासतो, दूरचा प्रखर दिवा लहान. कोणता खरोखर तेजस्वी, हे अंतर कळल्यावाचून सांगता येत नाही. तीच वस्ती मौला अलीच्या टेकडीवरून पाहिली, तर सर्व दिवे आपल्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर येतात व त्यांची तुलना न्याय्य होते. क्ष-किरणांचे अभ्यासक आपल्या आकाशगंगेबरोबर शेजारच्या दीर्घिकाही का न्याहाळतात, याचे उत्तर या साध्या दृष्टांतात आहे.

पुष्कळ तारे जोडीने राहतात. त्यांतील अधिक जड तारा आपले आयुष्य आधी संपवितो व त्याचा गाभा न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर होऊन मागे उरतो. न्यूट्रॉन ताऱ्यात सूर्याहून अधिक द्रव्य अवघ्या वीस-पंचवीस किलोमीटर व्यासाच्या गोळ्यात दाटलेले असते. सोबतच्या ताऱ्यातील वायू त्याच्याकडे ओढला जातो, पडता पडता कोट्यवधी अंशांपर्यंत तापतो आणि क्ष-किरण फेकू लागतो. यासच क्ष-किरण जोडतारा म्हणावयाचे.

आपले वातावरण हे किरण जमिनीपर्यंत पोहोचू देत नाही. म्हणून १९६२ साली अमेरिकेत जियाकोनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अग्निबाण उडविला, तेव्हा वृश्चिक राशीत असा पहिला दिवा सापडला. १९६८ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने आपल्या हैदराबादेहून फुगा सोडून त्याचेच निरीक्षण केले, ही गोष्ट आपणांस अभिमानाची वाटावी. परंतु तीस किलोमीटरांहून उंच गेलेल्या फुग्यापर्यंतही केवळ प्रखर ऊर्जेचे क्ष-किरणच पोहोचतात, आणि काही तासांनी तो खाली उतरवावा लागतो. सततच्या निरीक्षणास उपग्रहच हवा. १९७० साली ‘उहुरू’ गेला. १९९९ साली गेलेल्या ‘चंद्रा’ दुर्बिणीस सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांचे नाव आहे. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून भारताचा ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ निघाला. त्यावरील क्ष-किरण उपकरणांच्या कार्यात टाटा संस्थेचा व पुण्याच्या ‘आयुका’चा मोठा वाटा आहे.

सुमारे दोन लक्ष प्रकाशवर्षे दूर असलेला ‘धाकटा मॅगेलन मेघ’ ही आपली शेजारची लहानशी दीर्घिका. ती दक्षिण ध्रुवाच्या इतकी जवळ आहे की हैदराबादच्या क्षितिजावर ती वस्तुतः येतच नाही. उपग्रहास मात्र ही अडचण नाही. या दीर्घिकेत जड सोबती असलेले शंभराच्या आसपास क्ष-किरण जोडतारे आढळले आहेत. तिच्या आकारमानाने ही संख्या फारच मोठी होय. जड तारे अल्पायुषी असतात; तेव्हा असे जोडतारे विपुल दिसले, तर तेथे ताऱ्यांचा जन्म नुकताच जोमाने झाला असला पाहिजे. हा ‘नुकताच’ म्हणजे सुमारे चार कोटी वर्षांपूर्वीचा काळ, असे शास्त्रज्ञ मानतात. अशा रीतीने दिव्यांच्या गणनेवरून वस्तीचा इतिहास कळतो.

अंतर ठाऊक असल्याचा लाभ २०१९ साली पुन्हा प्रत्ययास आला. या मेघाच्या सीमेवरील एक न्यूट्रॉन तारा, १९९३ नंतर दीर्घकाळ निद्रिस्त असलेला, अकस्मात उजळला. अ‍ॅस्ट्रोसॅटनेही त्याचे निरीक्षण केले. त्याचे स्पंदन सुमारे सव्वानऊ सेकंदांचे आहे. अंतर ज्ञात असल्याने त्याचे खरे तेज काढता आले. आणि ते, पडत्या वायूस प्रकाशाच्या दाबाने मागे लोटणाऱ्या ‘एडिंग्टन मर्यादे’च्याही पलीकडचे ठरले! मर्यादा ओलांडूनही वायू पडत राहतो तो कसा, या प्रश्नावर संशोधक आजही विचार करीत आहेत.

उन्हाळ्याच्या रात्री वृश्चिक रास अंबरपेठेच्या गच्चीवरूनही दिसते. तिच्यातील तो पहिला क्ष-किरण दिवा नुसत्या डोळ्यांस दिसणार नाही. तथापि, डोळ्यांस दिसते तेवढेच विश्व नव्हे, एवढे स्मरण तिने आपणांस द्यावे. एडिंग्टन मर्यादेचा तो प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. गणित व पदार्थविज्ञान मन लावून शिकणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी तो हाती घेईल, तर आम्हांस याहून मोठा आनंद कोणता?