वहीतलं नाव गावात जाऊ नये म्हणून

आशाताई गावात बाहेरून येत नाही. ती त्याच गावची सून असते. साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा, आणि त्या हजारातली कितीतरी माणसं तिच्या भावकीतली, नाहीतर आळीतली. जिच्या बेडक्याचा नमुना ती सकाळी डबीत घेते, तिच्याच घरी संध्याकाळी हळदीकुंकवाला जाते. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नर्स आणि रुग्ण एकमेकींना ओळखत नाहीत; आमच्याकडे सगळेच सगळ्यांना ओळखतात. आधी उपकेंद्रात आरोग्यसेविका आणि नंतर प्राथमिक आरोग्य केंद्रात आरोग्य सहायिका म्हणून माझी सगळी नोकरी झाली. रुग्णाची माहिती जपणं खेड्यात शहरापेक्षा अवघड आहे आणि जास्त निकडीचंही आहे, हे मी या नोकरीत शिकले. नव्या आशा आणि सेविका मला याबद्दल विचारतात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. गावाचं, माणसांचं नाव घेत नाही. ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत.

2020 मध्ये कोविडच्या धामधुमीत आमच्या हद्दीतल्या एका गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप झाला. त्यात आशा, गटप्रवर्तक, सेविका आणि डॉक्टर होते. विलगीकरणाची सोय लावायची म्हणून सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील, शाळेचे गुरुजी आणि डेअरीचे चेअरमनही त्यात आले. तेव्हा त्याची गरज होती. साथ ओसरली, ग्रुप तसाच राहिला. लसीकरणाचा दिवस, शिबिराचा निरोप, सगळं त्यावरच जाऊ लागलं. मग एकदा क्षयरुग्णांची लाईन लिस्ट पाठपुराव्यासाठी त्याच ग्रुपवर पडली. नाव, वय, घराचा पत्ता, मोबाईल नंबर, औषध सुरू झाल्याची तारीख, सगळं त्यात होतं. पाठवणाऱ्याच्या मनात काहीही वाईट नव्हतं. संध्याकाळपर्यंत रिपोर्ट वर द्यायचा होता आणि सगळ्या आशा एका जागी तिथंच भेटत होत्या.

यादीत एका मुलीचं नाव होतं. तिचा साखरपुडा झाला होता, लग्नाची तारीख धरायची होती. यादीचा फोटो कुणी कुणाला पाठवला ते कधीच कळलं नाही, पण तो नवऱ्या मुलाच्या गावी पोहोचला आणि स्थळ मोडलं. तिचे वडील केंद्रात आले तेव्हा मी ओपीडीच्या बाहेरच होते. ते भांडले नाहीत. म्हणाले, "सिस्टर, पोरीला गोळ्या चालू हायत हे मी सख्ख्या भावाला सांगितलं नव्हतं. ते चेअरमनला कसं कळलं?"

पुढं जे झालं ते मला जास्त काळजीचं वाटतं. त्या घराचं दार आशाताईसाठी बंद झालं. मुलीने गोळ्या सोडल्या. साध्या क्षयरोगाचा उपचार सहा महिन्यांचा असतो, आणि औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच खोकला कमी होतो, भूक लागते, माणसाला वाटतं आपण बरे झालो. नेमक्या त्या टप्प्यावर औषध सुटलं तर आजार उलटतो, आणि उलटताना औषधाला दाद न देणारा होऊ शकतो. म्हणजे माहिती फुटल्याने नुसती अब्रू गेली नाही, उपचारही मोडला. शेवटी क्षयरोग पर्यवेक्षकांनी तिच्या आजोळच्या केंद्राशी बोलून निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी पोर्टलवरून तिची नोंद तिकडे वर्ग केली आणि तिथं तिचा कोर्स पुरा झाला. मोडलेलं लग्न मात्र जुळलं नाही.

तेव्हापासून प्रशिक्षणात मी पहिली गोष्ट हीच सांगते की माहिती बहुतेक वेळा चुगलखोरीने फुटत नाही, कामाच्या घाईत फुटते. म्हणून "मी कुणाची चहाडी करत नाही" एवढ्यावर कुणी निश्चिंत राहू नये. यादी पाठवण्याआधी स्वतःला एकच विचारायचं: ही ओळ ज्याला दिसणार आहे, त्याला त्याचं काम करायला ती लागते का? सरपंचाला गावात क्षयाचे किती रुग्ण आहेत हे कळलं तर तो ग्रामपंचायतीच्या पैशातून काही मदत करू शकेल. त्याला आकडा पुरतो, नावं लागत नाहीत. एका आशेला तिच्या वाडीतली नावं लागतात, शेजारच्या वाडीतली नाही. क्षयरुग्णाची नोंद सरकारला कळवणं 2012 पासून बंधनकारक आहे, खासगी डॉक्टरांनाही. पण ती शासनाला कळवायची आहे, चावडीला नाही. ग्रुपवर काही लिहायचंच असेल तर निक्षयचा क्रमांक लिहा. ज्या आशेचा तो रुग्ण आहे तिला क्रमांकावरून तो समजतो, बाकीच्यांना समजत नाही.

ग्रुप कामापुरते करा आणि काम संपलं की बंद करा. त्यात कोण कोण आहे ते अधूनमधून बघा. बदली झालेले, निवृत्त झालेले लोक तसेच राहून जातात. आशाताईचा फोन तिचा एकटीचा नसतो, त्यावर पोरं गेम खेळतात, नवरा भावकीतल्यांना फोन लावतो. म्हणून फोटो आपोआप गॅलरीत उतरण्याची सोय बंद ठेवा, फोनला लॉक लावा, आणि फोन विकण्याआधी किंवा पोराला देण्याआधी सगळं पुसून टाका. सरकारने कामासाठी दिलेला मोबाईल असेल तर तो घरात फिरता ठेवू नका.

फोनवरून आणखी एक आठवलं. रुग्णाच्या नोंदीत मोबाईल नंबर लिहितो तो पुष्कळदा नवऱ्याचा, सासऱ्याचा किंवा दिराचा असतो. त्या नंबरवर तपासणीचे, औषधांचे संदेश जातात, दवाखान्यातून फोन जातो. बाईने घरात न सांगितलेली गोष्ट तिच्याआधी घरच्यांना कळते. नंबर लिहून घेताना विचारा, "हा फोन कुणाजवळ असतो? यावर दवाखान्याचं बोललेलं चालेल का?" उत्तर नोंदवहीत त्या नंबरशेजारी लिहून ठेवा. फोन दुसऱ्या कुणी उचलला तर "लसीकरणाच्या तारखेसाठी फोन केला होता" असलं काही रचून सांगू नका, खोटं पुढं अंगाशी येतं. "आशाताई बोलतेय, ताई आल्या की फोन करायला सांगा," एवढं बस्स झालं.

सासूबाई हा आमच्या कामातला मोठा विषय आहे. "आमच्या सुनेनं तांबी बसवलीय का हो?" हा प्रश्न ज्या सेविकेला कुणी विचारला नाही अशी सेविका मी पाहिलेली नाही. त्यावर "तुम्ही सुनेलाच विचारा" असं उत्तर देणाऱ्या सेविकेला वाटतं आपण गुप्तता पाळली. पण सासू शहाणी असते. तांबी नसती तर सिस्टर सरळ "नाही" म्हणाली असती, हे ती ओळखते. जेव्हा सांगण्यासारखं असतं तेव्हाच गप्प बसलात तर गप्प बसणंच बोलतं. म्हणून सगळ्यांना, सगळ्या गोष्टींबद्दल, कायम एकच उत्तर द्यायची सवय लावा: "मावशी, मी कुणाचंच कुणाला सांगत नाही. तुमचंही कुणाला सांगत नाही." साध्या तापाबद्दल विचारलं तरी हेच. पहिल्या वर्षी लोक शिष्ट म्हणतात. पुढं त्याच सासवा स्वतःचं अंग बाहेर येण्याचं दुखणं घेऊन येतात, जे त्यांनी आयुष्यात कुणाला सांगितलेलं नसतं.

घरभेटीतही तसंच. एखाद्याच घरी थांबून बाईला कोपऱ्यात नेलं आणि आवाज उतरवला की आळीला कळतं. ओळीने पाच-सहा घरं घ्या, प्रत्येक घरी थोडं बसा, प्रत्येकीला "चला, आत बोलू" म्हणा. मग आत जाण्यात कुणाला काही वावगं दिसत नाही. उपकेंद्रात आरसीएच रजिस्टर आणि पात्र जोडप्यांची वही टेबलावर उघडी पडलेली असते आणि बाया ओळीत उभ्या असताना ती सहज वाचता येते. एक नोंद झाली की वही मिटायची, काम झालं की कपाटात आणि किल्ली आपल्याकडे. इतकं साधं आहे, पण मी पाहणीला गेले की हटकून आढळायचं ते हेच.

कायदा काय म्हणतो हे ठाऊक असलं की वरून किंवा गावातून दबाव आला तर उभं राहता येतं. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा 2017 चा. तो 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. कामाच्या नात्याने कळलेली कुणाची एचआयव्ही स्थिती त्या व्यक्तीच्या लेखी संमतीशिवाय उघड करायची नाही, असं त्यात आहे. उपचार करणाऱ्यांनी एकमेकांना उपचारापुरतं सांगणं आणि न्यायालयाचा आदेश अशा मोजक्याच सवलती. केसपेपरवर लाल शाईने खूण करणं, खाटेवर पाटी लावणं यात ही गोष्ट सगळ्या वॉर्डाला सांगितली जाते, तेव्हा ते करू नका. जोडीदाराला सांगण्याचीही त्या कायद्यात पद्धत आहे. आधी त्या व्यक्तीला स्वतः सांगण्यासाठी समुपदेशन, तरी ती सांगणार नाही अशी खात्री झाली तर तिला कल्पना देऊन मगच पुढं. आणि सांगितल्याने बाईला मारहाण होईल, घराबाहेर काढतील अशी भीती असेल तर सांगायचं नाही. हा निर्णय आशेने किंवा सेविकेने एकटीने घ्यायचा नाही, डॉक्टर आणि समुपदेशकांकडे न्यायचा.

गर्भपाताच्या बाबतीत तर गुप्तता कागदातच बांधलेली आहे. बाईचं नाव फक्त दाखल नोंदवहीत येतं; बाकी केसपेपर, शस्त्रक्रियेची वही, सगळीकडे तिचा अनुक्रमांक लिहायचा. संमतीचा कागद लिफाफ्यात सीलबंद. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही. 2021 च्या दुरुस्तीनंतर तिची ओळख अनधिकृत माणसाला सांगणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मानसिक आजाराच्या रुग्णालाही 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने गोपनीयतेचा आणि स्वतःची वैद्यकीय कागदपत्रं पाहण्याचा हक्क दिला आहे.

एका ठिकाणी मात्र गप्प बसणं हाच गुन्हा आहे. अठरा वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं. म्हणून कुणी पोर जवळ येऊन "ताई, कुणाला सांगणार नाही ना?" म्हणालं तर झटकन "नाही गं" म्हणू नका. पाळता येणार नाही असा शब्द देऊन नंतर तो मोडला तर ते पोर पुन्हा कुणावर विश्वास ठेवत नाही. "तुला मदत करायला ज्यांची गरज आहे त्यांनाच सांगेन, आणि सांगायच्या आधी तुला सांगेन," असं म्हणा. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे की अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली आणि तिने आणि तिच्या पालकांनी विनंती केली, तर पोलिसांना कळवताना डॉक्टरने तिचं नाव देण्याची गरज नाही. हा निकाल माहीत नसल्याने मुली दवाखान्याऐवजी भोंदूंकडे जातात. तो आपल्या केंद्रातल्या डॉक्टरांना ठाऊक आहे का, हे विचारायला संकोचू नका.

हे सगळं वाचून काही नव्या सेविका इतक्या धास्तावतात की लिहीतच नाहीत. तेही घातक आहे. ऊसतोडीला निघालेली गरोदर बाई मराठवाड्यातून कोल्हापूरच्या फडावर येते, बाळंतपण इकडे होतं आणि तिचा रक्तदाब आधीच्या दोन तपासण्यांत वाढलेला होता हे तिच्या कार्डावर नसतं, कारण कुणीतरी ते फक्त आपल्या वहीत लिहिलेलं असतं. तिची माहिती तिच्याबरोबर गेली पाहिजे. माता-बाल संरक्षण कार्ड पूर्ण भरा, संदर्भचिठ्ठीत तारीख, वेळ, मोजमाप, दिलेलं औषध स्पष्ट लिहा, आणि पुढच्या केंद्राला फोन करून सांगा. लिहिताना असं लिहा की उद्या ते तिने स्वतः वाचलं तरी तुम्हाला मान खाली घालावी लागू नये. "ऐकत नाही", "हट्टी आहे" हे शेरे उपचाराला काही उपयोगाचे नाहीत. "गोळ्या घेत नाही, मळमळते म्हणते" यातून डॉक्टरला पुढचं सुचतं. रुग्णाने नोंदींची प्रत मागितली तर डॉक्टरने ती 72 तासांत द्यायची असते.

इतकं करूनही माहिती फुटली तर? आधी त्या बाईकडे स्वतः जा. गावातून कळण्याआधी तिला तुमच्याकडून कळू दे की काय गेलं, कुठं गेलं. संदेश पुसायला लावा, पण पुसला म्हणजे संपलं असं तिला सांगू नका. त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी कळवा. कुणी केलं याच्या चौकशीत तिला ओढू नका, ती नंतरची गोष्ट आहे. तिला तक्रार करायची असेल तर ती कुठं करायची हे सांगा आणि लिहायला मदत लागली तर करा. पुढचा उपचार याच केंद्रात घ्यायचा की दुसरीकडे, हे तिला ठरवू द्या. दुसरीकडे म्हणाली तर नोंद लगेच वर्ग करून द्या आणि तिकडे पहिला डोस पडेपर्यंत फोनवर तिच्या संपर्कात राहा.