अंगावरचा मदतनीस

वर्गात शिक्षक एखादा अवघड भाग समजावून सांगत असतात. अशा वेळी काही विद्यार्थी मान खाली घालून त्यांचा शब्द न् शब्द वहीत उतरवून घेतात. त्यांची वही भरते, परंतु विषय डोक्यात शिरत नाही. दुसरे काही जण एकाग्र चित्ताने ऐकतात. त्यांना त्या क्षणी सारे उमगते. पण परीक्षेच्या आदल्या रात्री वही उघडावी, तर ती कोरी! मी पुष्कळ वर्षे शाळेत शिकविले. ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधणारा विद्यार्थी मला क्वचितच आढळला. आणि खरे सांगायचे तर, माझ्या विद्यार्थिदशेत मलाही ते साधले नव्हते.

नेमक्या ह्याच अडचणीने अमेरिकेतील थॅड स्टार्नर नावाचा एक विद्यार्थी बेजार झाला होता. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या विख्यात संस्थेत तो शिकत होता. १९९३ साली त्याने ह्यावर एक विलक्षण तोड काढली. त्याने संगणकच अंगावर चढविला! संगणक खांद्यावरच्या पिशवीत, एका डोळ्यापुढे अगदी लहानसा पडदा आणि एका हाताच्या बोटांनी चालविता येईल असा मुठीएवढा कळफलक, असा त्याचा थाट होता. ह्या साधनामुळे समोरच्या प्राध्यापकांवरची नजर न काढता त्याला टिपणे करता येऊ लागली. पुढे ब्रॅडली ऱ्होड्स ह्या त्याच्या सहकाऱ्याने आठवण करून देणारी एक आज्ञावली तयार केली. तुम्ही जे लिहीत असाल त्याच्याशी जुळणारी जुनी टिपणे ती शोधून काढी आणि पडद्याच्या कडेला गुपचूप मांडून ठेवी. वाचायची की नाही, हे मात्र वाचणाराने ठरवावयाचे.

विद्यार्थ्याचा एक हात तरी मोकळा असतो. कारखान्यातील कामगाराचे दोन्ही हात गुंतलेले असतात. विमानात तारांचे मोठमोठे जुडगे असतात. ते जुळविण्यासाठी कामगार एका भल्यामोठ्या फळीवर एकेक तार ठरलेल्या वाटेने बसवितात. चुकीच्या जागी गेलेली एक तारही पुढे महागात पडते. हातात तार धरावी की सूचनांचा कागद? बोईंग ह्या विमाने बांधणाऱ्या कंपनीतील टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल ह्या दोघांनी १९९२ साली एक कल्पना मांडली. कामगाराच्या डोळ्यांपुढे असा पारदर्शक पडदा असावा, की कोऱ्या फळीकडे पाहताच तारेची वाट त्या फळीवरच आखलेली भासावी.

ही कल्पना रोजच्या कामात उतरण्यास वीसएक वर्षे लागली. २०१५ साली नेदरलँड्समधील बर्गेन ऑप झूम येथील एका गोदामात डीएचएल ह्या मालवाहतूक कंपनीने असे चष्मे वापरून पाहिले. कोणत्या मांडणीतील कोणत्या खणातून किती वस्तू उचलावयाच्या, हे कामगाराला चष्म्यात दिसे. तीन आठवड्यांत दहा कामगारांनी २० हजारांहून अधिक वस्तू उचलल्या आणि कामाचा वेग २५ टक्क्यांनी वाढला, असे कंपनीने जाहीर केले. मोजणी करणारी कंपनीच होती आणि तीन आठवडे हा काळही थोडा, हे ध्यानात ठेवलेले बरे. शिवाय, वाचलेला वेळ कामगाराला विसावा म्हणून मिळावा की त्याच वेळात त्याने आणखी पेट्या उचलाव्यात, ह्या प्रश्नाचे उत्तर चष्म्याजवळ नसते. ते मालकाने आणि कामगाराने एकत्र बसून शोधावयाचे असते.

मला स्वतःला सर्वांत विचार करावयास लावते ते डॉक्टरांचे उदाहरण. अमेरिकेत रुग्ण आपले दुखणे सांगत असता पुष्कळ डॉक्टरांना संगणकाकडे तोंड करून ते टंकावे लागे. रुग्णाला डॉक्टरांचा चेहराच दिसत नसे! २०१२ साली कॅलिफोर्नियात ऑगमेडिक्स ही कंपनी स्थापन झाली. तिने डॉक्टरांना गूगलचा चष्मा दिला. चष्म्यातून दोघांचे बोलणे दूरवर बसलेल्या लेखनिकाला ऐकू जाई आणि तो केसपेपर लिहून काढी. असे कित्येक लेखनिक बांगलादेशात ढाका येथे बसत. कॅलिफोर्नियातील दिवसा ढळढळीत सांगितलेले दुखणे ढाक्यातील रात्री कागदावर उतरे. डॉक्टर मात्र रुग्णाच्या डोळ्यांत पाहून बोलू लागले.

आता माणसाच्या जागी यंत्र येऊ लागले आहे. ज्यास कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात, ती अफाट मजकुरावरून भाषेचे वळण शिकते. बोलणे ऐकून त्याचा सारांश क्षणार्धात लिहिते. परंतु ह्या लेखनिकाला एक खोड आहे. जे कोणी बोललेच नाही, तेही तो कधी कधी मोठ्या आत्मविश्वासाने लिहून ठेवतो. वाक्य इतके सुबक असते की चूक सहज नजरेतून सुटावी. रुग्णाने न सांगितलेले औषध केसपेपरात आले, तर केवढा अनर्थ! म्हणून यंत्राने लिहिलेला मजकूर वाचून, तपासून, मगच डॉक्टरांनी त्याखाली आपली सही करावयाची असते.

दुसरी अडचण आहे ती समोरच्या माणसाची. चष्मा घालणारा एक असतो; चष्मा ऐकतो मात्र साऱ्यांचे. २०१३ साली सिअॅटल शहरातील एका उपाहारगृहाने, हा चष्मा घालून कोणी आत येऊ नये, असे जाहीर केले. आपण जेवत असता कोणी आपले चित्र टिपत आहे की काय, ही शंका कोणाला आवडेल? २०१५ च्या जानेवारीत गूगलने सर्वसामान्यांसाठी त्या चष्म्याची विक्री थांबविली. कारखान्यांसाठी तो निराळ्या रूपात २०२३ पर्यंत विकला गेला. २०२३ साली मेटा कंपनीने रे-बॅन ह्या नावाचे जे चष्मे बाजारात आणले, त्यांच्या चौकटीवर एक बारीक दिवा आहे. चित्र टिपले जात असता तो लागतो, म्हणजे समोरच्यास कळावे. दिवा बारीक आहे, हेही खरेच; उन्हात तो कितीसा दिसणार!

चष्मा वापरणारे डॉक्टर तपासणीपूर्वी रुग्णाला त्याची कल्पना देत आणि अनुमती मागत. बहुतेक जण होकार देत. एखादा संकोचाने नको म्हणे. मग डॉक्टर चष्मा काढून बाजूला ठेवीत आणि पूर्वीप्रमाणे स्वतःच्या हातांनी लिहावयास बसत.