शाळेचे वाय-फाय आणि दारातले लॉगिन पान

सुट्टीत गावाकडे जाताना मोठ्या रेल्वे स्थानकावर आपण मोबाईल वाय-फायला जोडतो. जोडणी झालेली दिसते, पण इंटरनेट काही चालू होत नाही. आधी एक पान उघडते, मोबाईल क्रमांक विचारते, ओटीपी पाठवते आणि मगच पुढे सोडते. या पानाला कॅप्टिव्ह पोर्टल म्हणतात. रेलटेल आणि गूगल यांनी जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून ही सेवा सुरू केली होती. पुढे गूगल बाजूला झाले, रेलटेलने ती चालू ठेवली.

शाळेला असे पान कशाला, फळ्यावर पासवर्ड लिहिला की झाले, असे पालक विचारतात. फळ्यावरचा पासवर्ड आठवड्याभरात कामरेज चाररस्त्यापर्यंत पोहोचतो, हे एक. दुसरे कारण गंभीर आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले, त्यानंतर आपल्या सुरतेत वराछा भागात न फुटलेले बॉम्ब सापडले. स्फोटांच्या काही मिनिटे आधी धमकीचा ईमेल आला होता. माग काढत पोलीस नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरी पोहोचले. त्या घरचे वाय-फाय दुसऱ्याच कोणी वापरले होते! फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने सेवा देणाऱ्या कंपन्यांना सूचना केली की, वापरणाऱ्याची ओळख पटवूनच वाय-फाय द्यावे.

यातली गोम अशी की शाळेत पन्नास संगणक असले तरी बाहेरच्या जगाला बहुधा एकच आयपी पत्ता दिसतो, तो शाळेचा. आतले कोण, हे शाळेच्या नोंदीवरूनच कळणार.

आता हे पान चालते कसे ते पाहू. मोबाईल जोडला की राउटर त्याला आतला एक पत्ता देतो, पण बाहेरची वाट बंद ठेवतो. मोबाईल स्वतःहून एका ठरलेल्या ठिकाणी विचारून पाहतो. अँड्रॉइड गूगलला विचारतो, आयफोन अ‍ॅपलला. ठरलेले उत्तर येण्याऐवजी राउटर मध्येच आपले पान पुढे करतो. मोबाईल ओळखतो की येथे आधी लॉगिन करायचे आहे. नाव आणि पासवर्ड जुळला की राउटर त्या यंत्राचा मॅक पत्ता आपल्या यादीत लिहितो आणि वाट मोकळी करतो.

बँकेसारख्या कुलुपाच्या, म्हणजे एचटीटीपीएसच्या पानावर मात्र राउटरला असे मध्ये घुसता येत नाही. घुसला तर ब्राउझर धोक्याची सूचना देतो. तेथे ‘तरीही पुढे जा’ कधीही दाबू नये.

बसवणे फार खर्चाचे नाही. पीएफसेन्समध्ये ही सोय आतच आहे, मायक्रोटिकच्या राउटरमध्ये ‘हॉटस्पॉट’ नावाने मिळते. ओपनडब्ल्यूआरटी चालणारा राउटर असेल तर त्यावर ओपनएनडीएस बसवता येते. पीएफसेन्समध्ये पाहुण्यांसाठी मुदतीच्या कूपन-क्रमांकांचे गठ्ठेही छापता येतात. पालकसभेच्या दिवशी तेच बरे. राउटरचे घड्याळ मात्र बरोबर लावावे. वेळ चुकीची असेल तर सगळी नोंद कुचकामी.

विश्वस्त मंडळींनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. लॉगिन पान म्हणजे सुरक्षा नव्हे. वाय-फायवर डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ चा पासवर्ड वेगळा ठेवावाच, नाहीतर हवेतून जाणारी माहिती उघडीच राहते. आणि मुलांचे मोबाईल क्रमांक, जन्मतारखा मागू नयेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. आमच्या मते हजेरीपटावरचा क्रमांक, यंत्र आणि वेळ एवढी नोंद पुरे. कोणी काय वाचले, याची यादी ठेवण्याचे शाळेला कारण नाही.

एक अडचण नेहमी येते. अँड्रॉइड १० पासून आणि आयओएस १४ पासून मोबाईल खरा मॅक पत्ता लपवून वेगळाच सांगतात. एकदा लॉगिन केलेल्या यंत्राला पुन्हा नाव विचारले गेले तर पान बिघडले असे समजू नये. पान आपोआप उघडलेच नाही, तर वाय-फाय बंद करून परत जोडावे. तरीही नाही उघडले, तर ब्राउझरमध्ये राउटरचा आतला पत्ता लिहावा. तो संगणक कक्षाच्या दारावर चिकटवून ठेवावा म्हणजे झाले.