लोखंडानें वसविलेलें नगर

भूगोल शिकतांना आपण नकाशावर उत्तर ध्रुववृत्ताची रेषा पाहतों. त्या रेषेच्याहि पलीकडे, स्वीडन देशांत, किरूना हें नगर आहे. हिंवाळ्यांत तेथें कित्येक दिवस सूर्य उगवत नाहीं. अशा ठिकाणीं माणसें कां बरें राहावयास गेलीं?

उत्तर एकच : लोखंड. तेथील डोंगरांत लोखंड विपुल आहे, हें फार पूर्वींपासून ठाऊक होतें. परंतु त्या खनिजांत फॉस्फरस अधिक असल्यामुळें त्याचें पोलाद ठिसूळ होई. १८७८ च्या सुमारास टॉमस व गिल्ख्रिस्ट या दोघां ब्रिटिशांनीं फॉस्फरस काढून टाकण्याची युक्ति शोधिली, आणि त्या डोंगरांस मोल आलें. १८९० मध्यें खाणीची कंपनी निघाली. १९०२ मध्यें नॉर्वेंतील नार्विक या न गोठणाऱ्या बंदरापर्यंत लोहमार्ग पुरा झाला.

दक्षिणेकडील माल्मबेर्येत मजूर आधीं आले, घरें मागाहून; सुरुंगाच्या दारूच्या खोक्यांच्या फळ्या ठोकून लोकांनीं खोपटीं उभारिलीं. किरूनाचे पहिले व्यवस्थापक, भूगर्भशास्त्रज्ञ ह्यालमार लुंडबोम, यांनीं तसें होऊं नये म्हणून झटून यत्न केला. १९०० मध्यें पेर उलोफ हालमान यांनीं नगराचा आराखडा केला. वाऱ्याचा मारा अडावा म्हणून रस्ते वळणाचे ठेविले. मजुरांसाठीं घरें, शाळा व रुग्णालय झालें.

परंतु ही भूमि निर्जन नव्हती. सामी लोक पिढ्यान् पिढ्या येथें रेनडियरांचे कळप चारीत आले आहेत. 'किरूना' हें नांव त्यांच्याच भाषेंतील एका पक्ष्याच्या नांवावरून पडलें. १९१२ मध्यें पुरें झालेलें लांकडी उपासनामंदिरहि सामी झोपडीच्या आकारावरून योजिलें. नांव घेतलें, आकार घेतला. चराऊ रानांतून मात्र खाणी व लोहमार्ग गेले, आणि कळपांच्या वाटा तुटल्या.

पुढें खाण नगराच्या दिशेनें खोल जाऊं लागली, तशी जमीन खचूं लागली. २००४ मध्यें नगर हलविण्याचें जाहीर झालें. ऑगस्ट २०२५ मध्यें तेंच मंदिर, ६७२ टन वजनाचें, अखंड उचलून चाकांवरून सुमारें ५ किलोमीटर दूर नेलें. ज्या लोखंडानें नगर वसविलें, त्यानेंच तें उठविलें!

बालमित्रांनो, घरांतील तवा किंवा आगगाडीचा रूळ पाहाल, तेव्हां हें लोखंड कोणाच्या अंगणांतून आलें असेल, एवढें मनांत आणा. संपत्ति खणून काढणाऱ्याचे कष्ट जितके स्मरणीय, तितकाच त्या भूमीवर आधीं राहणाऱ्याचा हक्कहि स्मरणीय आहे, असें आम्हांस वाटतें.