बरणीतला मासा

पहाटेचे पाच वाजले होते. कोल्हापुरातील शिवाजी पेठेतल्या एका घरासमोर मोटार उभी होती. भाकरी, पिठले आणि लसणाची चटणी डब्यात भरून झाली होती. आजी तर गाडीत जाऊन बसलीही होती. बाळूचा मात्र पत्ता नव्हता. ताई त्याला शोधावयास आत गेली, तेव्हा तो स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी लोणच्याच्या जुन्या काचेच्या बरणीसमोर उभा होता.

बरणीत एक सोनेरी मासा होता. आठवड्यापूर्वी तेथे दोन मासे होते. त्यांपैकी एक परवा सकाळी उलटा होऊन तरंगताना दिसला, आणि आता दुसराही पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन सारखे तोंड उघडत-मिटत होता. "त्याला भूक लागली असेल," असे म्हणून बाळूने पोळीचा आणखी एक तुकडा आत कुस्करला आणि तो निमूटपणे गाडीत येऊन बसला.

पंचगंगा ओलांडून मोटार रत्नागिरीच्या रस्त्याला लागली. जोतिबाचा डोंगर दिसताच आजीने हात जोडले. त्या डोंगरावरील गावाचे नावही वाडी रत्नागिरी. "मग आपण पोहोचलोच की!" असे बाबा हसून म्हणाले, पण खरी रत्नागिरी अजून शंभराहून अधिक किलोमीटर दूर होती. मलकापूर मागे पडले, आंबा आला. येथून विशाळगडाकडे फाटा जातो. १६६० साली ह्याच मुलखातील घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे लढले, हे ताईने सांगितले. एरवी बाळूने तिला दहा प्रश्न विचारले असते. आज तो गप्प होता.

घाट उतरताना आजीला आपले बालपण आठवले. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते उघडले गेले. पुढे काही वर्षांनी आजी मामाकडे गेली असता तिने ते पाहिले होते. "काचेला नाक लावून मी इतका वेळ उभी राहिले, की सगळी मंडळी मला विसरून पुढे गेली!" ती म्हणाली.

रत्नागिरीचे सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे आहे. हे विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले. केंद्रात मत्स्यालय आहे आणि सागरी जीवांचे संग्रहालयही आहे. तेथे प्रथम सर्वांची नजर वेधून घेतली ती देवमाशाच्या प्रचंड सांगाड्याने. माहिती देणारे गृहस्थ म्हणाले, "नावात मासा असला, तरी हा मासा नव्हे. ह्याला फुप्फुसे असतात. म्हणून श्वास घेण्यासाठी तो पाण्यावर येतो."

बाळूने एकदम विचारले, "काका, माझा मासाही सारखा वर येतो. त्यालाही फुप्फुसे असतील का?"

काकांनी बरणीची सारी हकीकत नीट ऐकून घेतली. मग ते म्हणाले, "बाळ, देवमासा वर येतो तो त्याचा स्वभाव, तुझा मासा वर येतो ती त्याची तक्रार आहे. माशाला कल्ले असतात. पाण्यात विरघळलेला प्राणवायू तो त्यांतून घेतो. बरणीचे तोंड अरुंद, म्हणून हवा पाण्यात थोडीच मिसळते. त्यात तू पोळी घालतोस. ती कुजते, आणि उरलासुरला प्राणवायू त्या कुजण्यातच खर्च होतो. शिवाय माशाच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो. तोही त्याला विषासारखाच."

"म्हणजे पहिला मासा माझ्यामुळे मेला?"

काका क्षणभर थांबले. "उपाशी नाही मेला, जास्त खाऊ घातल्याने मेला. दुसऱ्याला पसरट भांड्यात ठेव. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, म्हणून ते पाणी एक दिवस उघडे ठेवून मग वापर. आणि सगळे पाणी एकदम बदलू नकोस."

"आजीचे मोठे घंगाळ आहे!"

"तांब्याचे ना? ते मुळीच नको. पाण्यात उतरलेले तांबे माशांना मारते."

पुढे समुद्री घोडे होते. त्यांच्यात अंडी नर आपल्या पोटावरील पिशवीत सांभाळतो, हे ऐकून आईला फार गंमत वाटली. समुद्राचे पाणी माशाच्या रक्तापेक्षा खारट असल्यामुळे त्याच्या अंगातील पाणी सतत बाहेर ओढले जाते. म्हणून तेथील मासा पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. नदीतल्या माशाचे नेमके उलट. त्याच्या अंगात पाणी आपोआप शिरते आणि त्याला ते सारखे बाहेर टाकावे लागते. ताईने हे सर्व वहीत टिपून घेतले. बाळूचे लक्ष घड्याळाकडे होते.

समुद्र पाहावयाचा हट्ट त्याचाच होता. आता तोच "घरी चला" म्हणू लागला. भाट्याच्या किनाऱ्यावर आजीने पाय भिजवले, तेवढेच.

रात्री घरी पोहोचताच तो चपला न काढताच आत धावला. मासा जिवंत होता, पण वरच होता. आईने धान्य भिजवावयाचा प्लॅस्टिकचा टब दिला. अंगणात आदल्या दिवशी भरून ठेवलेली बादली उघडीच होती. कुजके तुकडे काढून बरणीतले काही पाणी व मासा टबात सोडला आणि बादलीतले पाणी वाटीवाटीने त्यात मिसळले. मासा खाली जाईना. सगळे झोपावयास गेले. बाळू उठला नाही.

पहाटे आजी स्वयंपाकघरात आली. मासा टबाच्या तळाशी संथपणे फिरत होता. शेजारी फरशीवर, हातातली वाटी न सोडता, बाळू झोपला होता.